वेणीपुरता हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून पर्वतासनाविषयी माझ्या अनुभवाचे तेवढे सांगते.

माझे माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. अमरावतीला व्यायामाचे नवल नाही. १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच गावचे. त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखविले. हे पाहुण्यांना अभिमानाने सांगणाऱ्या मी स्वतः मात्र पंचावन्न वर्षांची होईतो व्यायाम म्हणून एकदाही हात वर केला नव्हता.

मग उजवा खांदा आखडला. फळीवरचा डबा निघेना, त्या कुशीवर निजवेना. वेणी घालायला सूनबाई लागू लागली. ती हसतमुखाने घाली. पण आरशात पाहताना मला रडू येई. तीन महिने मी दुखणे लपविले. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्तातील साखर तपासविली, कारण मधुमेह असलेल्यांना हे दुखणे अधिक होते. ठणका उतरल्यावर त्यांच्याच सल्ल्याने पर्वतासन सुरू केले.

कृती सोपी आहे. मांडी घालून ताठ बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. बोटे एकमेकांत गुंतवावीत. श्वास घेत हात समोरून वर न्यावेत, तळवे आकाशाकडे करावेत. खांदे कानांशी चढवू नयेत. दोन-तीन श्वास थांबून, श्वास सोडीत हात खाली आणावेत. असे पाच वेळा. हात जिथवर जाईल तिथवरच न्यावा. माझा पहिल्या दिवशी नाकापर्यंतच गेला!

एकदा नातवाच्या मुंजीआधी हात पुरा वर जावा म्हणून मी जोर केला. आठ दिवस शेकत बसावे लागले. तेव्हा कळले, की ओढण्यापेक्षा रोजचा नेम मोठा.

शेतावर कापूस वेचणाऱ्या एका बाईंना हे दाखविले, तर त्या म्हणाल्या, “बाई, आमचं सारं काम वाकून. हात वर कराले कोन सांगते?” किती खरे! पोळ्या लाटणे, धुणे, वेचणी, शिवण, आणि आता तो मोबाईल; आपले सारे हात पुढे आणि खाली. म्हणून पाठ आवळते.

आसनाने चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. असा खांदा सुटायला महिने लागतात, कधी वर्षेही. आणि हातासोबत छातीत दडपण आले किंवा घाम फुटला, तर आसन नको. तत्काळ दवाखाना गाठावा.

आज या समारंभाला येताना माझी वेणी मीच घातली आहे. थोडी वाकडी आहे, पण माझी आहे. भगिनींनो, दुखणे लपवू नका. दिवसातली पाच मिनिटे स्वतःसाठी काढा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.