कुलाब्याचे अफगाण चर्च
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



मंडळाची यंदाची सहल कुलाब्याला न्यावयाची ठरली आहे. तेथे नेव्हीनगरच्या वाटेवर उंच, निमुळत्या शिखराचे एक चर्च लागते. त्याचे खरे नाव संत योहानाचे चर्च. पण सारी मुंबई त्याला अफगाण चर्च म्हणते. मुंबईतल्या देवळाला अफगाणांचे नाव कसे, असे पुष्कळजणींनी विचारले, म्हणून आज तीच हकीकत सांगते.

१८३९ साली इंग्रजांनी अफगाणिस्तानावर स्वारी केली. आपल्या मर्जीतला शाह शुजा काबूलच्या गादीवर बसवावयाचा, हा त्यांचा बेत. मुंबईची फौज समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली आणि तेथून कंदाहार, गझनीपर्यंत गेली. शाह शुजा गादीवर बसला खरा, पण देश ताब्यात राहिला नाही. जानेवारी १८४२ मध्ये काबूलच्या सैन्याने माघार घेतली. सुमारे ४,५०० शिपाई आणि १२,००० च्या आसपास नोकरचाकर व बायकामुले बर्फ तुडवीत निघाली. आठवड्याभरात त्यांची दाणादाण उडाली. काही कैद झाली. बहुतेक थंडीने आणि गोळीने मेली. ही फौज मुख्यतः बंगालची होती. परंतु सिंध आणि अफगाणिस्तान मिळून मुंबईच्या फौजेचीही माणसे थोडीथोडकी गेली नाहीत. कोणी लढाईत गेला, कोणी आजाराने.

त्यांच्या स्मरणार्थ मुंबईत चर्च बांधावे असे ठरले. सरकारने जागा दिली, पण अट घातली की शिखर असे उंच हवे की बंदरात येणाऱ्या जहाजांना ते खुणेसाठी दिसावे. पाया १८४७ साली घातला गेला. विलायतेहून आलेला पहिला नकाशा फार खर्चाचा ठरला, तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराचा नकाशा घेण्यात आला. हे नाव आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावे! मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही त्यांचीच. ते काम १८५६ साली सुरू होऊन १८६० साली पुरे झाले.

जानेवारी १८५८ मध्ये चर्च उपासनेला खुले झाले. शिखर मात्र १८६५ साली पुरे झाले. त्याची उंची १९८ फूट. पायापासून शिखरापर्यंत अठरा वर्षे गेली!

आता रचना पाहू. आपल्या देवळात जसा सभामंडप आणि पुढे गाभारा, तसेच येथेही. मधले लांब दालन भाविकांचे, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा व बाजूची दालने, आणि पुढच्या टोकाला वेदी. कमानी गोल नाहीत. दोन हात जोडल्यासारख्या वर टोकदार होतात. खिडक्या अरुंद व उंच, भाल्याच्या पात्यासारख्या. या पद्धतीला गॉथिक म्हणतात. मुंबईत ती आधी येथे नीट उतरली. राजाबाई टॉवर आणि बोरीबंदरचे स्टेशन पुढचे. दगड आपल्याकडचा, छप्पर सागवानी. रंगीत काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या, तर वेदीमागची सजावट आणि फरशी यांचे आराखडे विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुकाराचे. बाहेरचे ऊन त्या काचांतून आत आले की निळे-तांबडे होऊन उतरते. हे चर्च मुळात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य पंथाचे. १९७० साली नागपूरला निरनिराळे पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. तेव्हापासून ते त्याचे आहे.

परंतु भगिनींनो, काचा पाहून झाल्या की एक गोष्ट मुद्दाम पाहा. भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. आणि तेथेच एक लेख आहे. त्याचा आशय असा, की हे देऊळ या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी की नावे लिहिणे शक्य नाही अशा शिपायांच्या व हवालदारांच्या स्मरणार्थ बांधले आहे.

संख्या मोठी म्हणून नावे नाहीत! मुंबईच्या त्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार असे आपले लोक कितीतरी होते. त्यांच्या घरी बातमी केव्हा पोचली असेल? वाट पाहणाऱ्या बाईने कुंकू कोणत्या दिवशी पुसले असेल? दगडाला ते ठाऊक नाही. लेख लिहिणाऱ्याने निदान नावे गाळल्याचे कबूल केले, एवढे त्याचे श्रेय मात्र द्यावे. पुष्कळ स्मारकांवर तेवढेही नसते.

म्हणून जाता जाता एक सूचना करते. स्मरणिकेत आपण दरवर्षी अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची नावे छापतो. पापड लाटणाऱ्या, सतरंज्या झटकणाऱ्या, शिवणवर्गाला रोज कुलूप उघडून देणाऱ्या भगिनी ‘इतर सभासद’ या दोन शब्दांत बसतात. त्यांची संख्या काही हजारांची नाही. एका पानात मावतील. यंदा ते पान छापावे, एवढीच माझी विनंती आहे.