पाठीच्या कण्याची शल्यक्रिया : निर्णय कशावर घ्यावा?

(नंदुरबार येथे एका अस्थिशल्यचिकित्सकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मिरचीची पोती वाहणारा बाजार समितीतील हमाल, दर हंगामात कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणारे कुटुंब, झऱ्यावरून हंडे आणणारी धडगाव भागातील माउली आणि दुचाकीवर तळोदा-अक्कलकुवा असा प्रवास करणारा आपला कार्यकर्ता, या सर्वांची कंबर कधी ना कधी धरतेच. मग काय होते, ते आपण जाणताच. उसण भरली म्हणून पायाळू माणूस शोधला जातो. तेल, शेक, पट्टा सर्व काही होते. बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत आराम पडतो आणि श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळते! ज्यांना आराम पडत नाही ते सुरत, धुळे किंवा नाशिक गाठतात आणि “मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, ऑपरेशन करावे लागेल” एवढे एक वाक्य घेऊन घरी परततात. त्या रात्री घरात जी चर्चा चालते, शेत गहाण ठेवायचे का, ऑपरेशन केले आणि पाय गेले तर, न केले आणि पाय गेले तर, त्या चर्चेला काही आधार मिळावा म्हणून मी आज बोलणार आहे.

प्रथम या ‘गॅप’विषयी. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. वयोमानाने तिच्यातील पाण्याचा अंश घटतो, ती चपटी होते आणि दोन मणके जवळ येतात. म्हणजे ज्याला आपण ‘गॅप आला’ म्हणतो, तेथे प्रत्यक्षात अंतर कमी झालेले असते. केस पांढरे व्हावेत तसाच हा बदल आहे. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ मुळीच दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. निम्म्याहून अधिकांची किमान एक चकती फुगलेली होती, आणि ही मंडळी आनंदाने हिंडत-फिरत होती. तेव्हा केवळ एमआरआयच्या अहवालावर शल्यक्रियेचा निर्णय होऊ शकत नाही. अहवालात दिसणारा दोष आणि रुग्णाच्या अंगावर दिसणारी लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे.

हा मेळ बसविण्यासाठी एक प्रश्न पुरेसा बोलका आहे : दुखते ते कंबरेत अधिक, की पायात? चकतीचा भाग बाहेर येऊन मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेवर दाबला की कळ नितंबातून मांडी, पोटरी आणि पावलापर्यंत उतरते. चरकसंहितेत या व्याधीचे वर्णन ‘गृध्रसी’ या नावाने आले आहे. मात्र तिचे मूळ चकतीत असू शकते, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले आणि तेथून आजची शल्यक्रिया रूढ झाली. दाबणारा तुकडा काढून नस मोकळी करणे एवढाच या शल्यक्रियेचा हेतू असतो. म्हणून ती पायाची कळ चांगली घालविते. कंबरेचे जुने दुखणे ती घालवील असे आश्वासन कोणी देत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

वयस्क मंडळींमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. शंभर पावले चालले की पाय जड होतात, मुंग्या येतात. खाली बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. येथे मज्जामार्गच अरुंद झालेला असतो. चालणे फारच आखडले असेल, तर अशा रुग्णांना शल्यक्रियेचा लाभ होतो.

आता पायातील कळ असह्य आहे, पण पायातील बळ शाबूत आहे, अशा रुग्णाने काय करावे? नेदरलँड्समध्ये अशा २८३ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना लवकर शल्यक्रियेसाठी निवडले, उरलेल्यांवर औषधे व व्यायाम यांचे उपचार चालू ठेवले. दुसऱ्या गटातील सुमारे ३९ टक्के लोकांना पुढे शल्यक्रिया करावीच लागली. उरलेले तिच्याविना सावरले. शल्यक्रियेच्या गटाला आराम लवकर पडला. परंतु वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. बाहेर आलेला तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच विरघळवून टाकते, हे त्याचे एक कारण. म्हणजे येथे शल्यक्रिया वेळ वाचविते. ज्याचे हातावर पोट आहे त्याला हे काही महिने फार मोठे असतात. निवृत्तिवेतनधारकाला तितके नसतात. हा हिशेब रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबाने करावयाचा आहे, डॉक्टरने तो त्यांच्यापुढे मांडावयाचा आहे.

पायात कळ नाही, केवळ कंबर वर्षानुवर्षे दुखते, अशांना मणके स्क्रूने जोडण्याची शल्यक्रिया सुचविली जाते. आपले गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मणके जोडण्याचे तंत्र भारतात रुजविले. अस्थिर मणका, घसरलेला मणका यांसाठी ते फार मोलाचे आहे. पण केवळ जुनाट दुखण्यासाठी? ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मणके जोडणे हे नेटाने करून घेतलेल्या व्यायामोपचारापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले नाही. व्यायामाला स्क्रू लागत नाहीत. नेट लागतो, आणि तोच आपल्याकडे कमी पडतो!

आता जेथे थांबायचेच नाही ते सांगतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलता येईना, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर ती रात्र घरी काढू नका. पायाळूही नको, पट्टाही नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. नसांच्या जुडग्यावर दाब आला असेल, तर शल्यक्रिया शक्य तितक्या लवकर, सामान्यतः ४८ तासांच्या आत व्हावी लागते. सातपुड्याचा घाट उतरण्यातच त्यातले कितीतरी तास जातात. येथे भीतीपोटी केलेला उशीर माणसाला जन्मभर पांगळा करतो.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी दोन गोष्टी मुद्दाम. पाठदुखीसोबत बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. बहुसंख्य रुग्ण औषधांनीच बरे होतात, शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य मिळतात, मात्र पूर्ण मुदत घ्यावी लागतात. दुसरी गोष्ट सिकलसेलची. भिल्ल व पावरा बांधवांमध्ये हा रक्तदोष आढळतो. त्यात पाठ व हातपाय असह्य दुखू शकतात, आणि त्यावर कण्याची शल्यक्रिया हा उपाय नव्हे. शिवाय अन्य कारणाने शल्यक्रिया करायची असली, तरी भूल देण्यापूर्वी ही तपासणी झालेली असणे हिताचे. तो अहवाल कागदपत्रांत सर्वांत वर ठेवा.

मघाशी एका बंधूंनी चिठ्ठी पाठविली आहे : “मोठमोठे क्रिकेटपटू शल्यक्रिया करून खेळतात, मग आम्ही का घाबरावे?” सचिन तेंडुलकर १९९९ साली चेन्नईच्या कसोटीत पाठीच्या तीव्र वेदनेत १३६ धावा करून गेला आणि २०१३ पर्यंत खेळला, त्याच्या पाठीवर शल्यक्रिया झाली नाही. जसप्रीत बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शल्यक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा गोलंदाजी करू लागला. दोघांचे दुखणे निराळे, म्हणून उपायही निराळे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपला निर्णय करू नये, मग तो शेजारी क्रिकेटपटू का असेना.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. पतीची शल्यक्रिया ठरली आहे, काय विचारावे? ताई, हे विचारा : कोणती नस दाबली आहे आणि पायातील लक्षणे त्याच नसेची आहेत का? पायाची कळ जाईल की कंबरेचीही? तीन महिने थांबलो तर धोका कोणता? केवळ तुकडा काढणार की मणके जोडणार, आणि जोडणार तर का? शिवाय महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शल्यक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आगाऊ विचारा. शेत गहाण ठेवण्याचा विचार त्यानंतर. यजमान तंबाखू किंवा विडी घेत असतील तर आजच बंद करा, धूम्रपानाने मणके जुळून यायला अडथळा होतो. घरी आल्यावर त्यांना खाटेवर झोपवून ठेवू नका. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लवकर चालवा. पोते उचलण्याची आणि दुचाकीची परवानगी मात्र त्यांच्याकडूनच घ्या, आणि ती मिळेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.