काचबिंदूची नलिका आणि सहावा आठवडा

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या आरोग्य शिबिरात एका नेत्रशल्यविशारदांनी केलेले भाषण)



मोतीबिंदूविषयी आता खेडोपाडी पुष्कळ जागृती झाली आहे. काचबिंदूची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोतीबिंदूने झाकोळलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. येथे शस्त्रक्रिया करावयाची ती उरलेली दृष्टी राखण्यासाठी. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारा प्रत्येक उपद्रव त्या उरलेल्या पुंजीवरच घाला घालतो. डोळ्यात नलिका बसविण्याच्या शस्त्रक्रियेतील उपद्रव कसे कमी करता येतात आणि त्यात गावाचा वाटा कोणता, एवढेच आज मी सांगणार आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होते व सूक्ष्म मार्गाने बाहेर जाते. हा मार्ग अडला की डोळ्याचा दाब वाढतो आणि दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू मरतो. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. थेंबांची औषधे आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांनी भागले नाही, तर सिलिकोनची एक बारीक नलिका डोळ्यात बसवितात. तिचे दुसरे टोक डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या आवरणाखाली ठेवलेल्या एका लहान चकतीला जोडलेले असते. पाणी नलिकेतून चकतीवर येते आणि भोवतालच्या ऊतींत जिरते.

या उपायाचा पाया दक्षिण आफ्रिकेत डॉ. अँथनी मोल्टेनो यांनी घातला. त्यांचे काम १९६९ साली प्रसिद्ध झाले. पुढे बेअरवेल्ट आणि अहमद यांच्या नावांची साधने आली. आपल्या देशात मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने २०१३ साली बेअरवेल्टच्या धर्तीवरचे साधन उपलब्ध केले आणि हा उपचार सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येऊ लागला.

आता अडचण कोठे येते ते पाहू. नवी चारी खणून बांध घट्ट होण्यापूर्वीच पाणी सोडले, तर ते सैरावैरा वाहून जाते. येथेही तसेच आहे. चकतीभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करते; तीच पाण्याला आवर घालते. ती तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी नलिका मोकळी सोडली, तर पाणी भराभर निघून जाते, दाब फार खाली येतो, डोळ्याची पुढची पोकळी मिटते आणि आतील रक्तवाहिन्यांच्या थराखाली पाणी किंवा रक्त साठते. यावर शल्यविशारदांनी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. झडप नसलेली नलिका विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवावयाची. पिशवी तयार होण्याच्या सुमारास धागा विरतो आणि नलिका आपोआप वाहू लागते. अहमद यांच्या साधनात मात्र दाबाने उघडणारी झडप असल्यामुळे ते बांधावे लागत नाही. पण त्यातही पहिल्या काही महिन्यांत दाब पुन्हा वाढण्याचा काळ बहुधा येतोच.

धागा बांधलेला असतो तोवर दाब उतरत नाही; म्हणून जुने थेंब चालू ठेवावे लागतात. धागा विरला की दाब एकाएकी उतरतो. तेव्हा तेच थेंब कमी करावे लागतात. हे वळण बहुतेक पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास येते आणि नेमके त्याच वेळी रुग्ण वैद्याच्या नजरेसमोर असावा लागतो.

एका रुग्णाची हकीकत सांगतो. कोरडवाहू भागातले ते शेतकरी. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यात आम्ही नलिका बसविली. पहिल्या दोन तपासण्यांना ते वेळेवर आले. सहाव्या आठवड्यात पाऊस लागला, पेरणी सुरू झाली आणि ते आले नाहीत. आले ते नवव्या आठवड्यात, मुलाचा हात धरून. सगळे थेंब चालूच होते, दाब जवळजवळ नाहीसा झाला होता आणि आत रक्तस्राव झाला होता. पुढे डोळा शांत झाला; पण पूर्वीची नजर आली नाही. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, डोळा दुखत नव्हता, मग पेरणी कशी सोडू?” त्यांचे काही चुकले नव्हते. आम्ही कार्डावर तारीख लिहिली होती, कारण लिहिले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक कार्डावर मराठीत लिहितो: ‘या आठवड्यात धागा सुटेल. न दुखले तरी या.’

दुसरे उपद्रव उशिरा येतात. नलिकेचे टोक डोळ्याच्या पारदर्शक पटलाला फार जवळ असेल, तर त्या पटलाच्या आतील पेशी झिजतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून नलिका पटलापासून दूर, बुबुळाला समांतर, तिच्या जाडीइतक्याच छिद्रातून घालावी लागते. नलिकेवरचे आवरण झिजून ती उघडी पडली, तर जंतू थेट डोळ्यात शिरतात. हे टाळण्यासाठी तिच्यावर दान मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या पटलाचा किंवा पारदर्शक पटलाचा तुकडा ठिगळासारखा शिवतात. रोपणासाठी अयोग्य ठरलेले पारदर्शक पटलही या कामी येऊ शकते.

२१२ रुग्णांच्या एका प्रसिद्ध अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१२ साली प्रकाशित झाले. पहिल्या महिन्यातील उपद्रव नलिकेच्या गटात २१ टक्के, तर नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या गटात ३७ टक्के रुग्णांत आढळले. त्यानंतरच्या उपद्रवांचे प्रमाण मात्र ३४ आणि ३६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. यातून घ्यावयाचा बोध असा की, नलिका बसविलेल्या डोळ्यावर पहिला महिना उलटला तरी वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष एकट्या रुग्णालयाला ठेवता येणार नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पंचायत सदस्यांनी गावातील अशा रुग्णांच्या तपासणीच्या तारखा आशा कार्यकर्तीकडे नोंदवून घ्याव्यात; सुगी वा पेरणीच्या दिवसांत तारीख आली, तर एका दिवसाच्या कामाची सोय शेजाऱ्यांनी करावी. शिक्षकांनी लक्षात ठेवावे की काचबिंदू बालकांनाही होतो. नलिका असलेल्या विद्यार्थ्याला डोळा चोळू देऊ नये, चेंडूच्या माऱ्यापासून जपावे. डोळा लाल झाला, दुखला, चिपडे आली किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी पालकांना कळवावे. मोठ्यांच्या बाबतीतही हीच लक्षणे दिसताच उद्यावर ढकलू नये. तिसरी विनंती अधिकाऱ्यांसह सर्वांनाच. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात केवळ फेरी काढून थांबू नका. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे लागते. तेव्हा तिचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर बारा महिने लिहिलेला असू द्या.

शल्यविशारद धागा बांधतो. तो कधी सुटेल याचा अंदाज तो देऊ शकतो. त्या दिवशी रुग्णाला दवाखान्याच्या दारापर्यंत आणणे मात्र आपल्या हाती आहे. त्या शेतकऱ्याला त्या पेरणीच्या दिवशी कोणी “आजचा दिवस आम्ही औत धरतो, तुम्ही जाऊन या” असे म्हटले असते, तर कदाचित ते आज मुलाचा हात न धरता बांधावर गेले असते.