सेवासदनाचे पहिले दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपण मंडळाचा जमाखर्च मांडतोच. आज मात्र आपल्यासारख्या सर्व महिला मंडळांच्या एका वडील बहिणीची हकीकत सांगावी असे मनात आहे. ती बहीण म्हणजे पुण्याचे सेवासदन.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे वारले आणि रमाबाई मुंबई सोडून पुण्याला राहावयास आल्या. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्ष रमाबाईच होत्या. पाठोपाठ १९०९ साली पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच वर्ग भरू लागले. व्यवस्थेचा भार गोपाळ कृष्ण देवधरांनी उचलला. लिहिणे-वाचणे, शिवणकाम येथवर लोकांची फारशी तक्रार नव्हती. पण सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका होण्यासाठी बायका पाठविल्या, तेव्हा कुजबूज सुरू झाली.

गंमत पाहा! घरातल्या साऱ्यांची आजारपणे विधवा बाईनेच काढावयाची, त्यात कोणाला गैर वाटत नसे. तेच काम ती रीतसर शिकून, पगार घेऊन करू लागली की लोक नावे ठेवीत.

एकदा बक्षीससमारंभात एक केशवपन केलेली बाई बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो केली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्या मुलांना सर्वांदेखत खडसावले. ज्यांना अशा बाईचे दुःख कळत नाही, त्यांना सुशिक्षित तरी कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता.

रमाबाईंना हे शब्द उसने आणावे लागले नाहीत. १८७३ साली लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले, आणि घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. हसणाऱ्यांत बायकाही असतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणून भगिनींनो, एवढेच मागणे आहे. आपल्या शिवणवर्गात एखादी प्रौढ बाई भीत भीत येते, मागे बसते, टाके वाकडे घालते. तिला हसू नका. सरकून आपल्या शेजारी जागा द्या. सेवासदन अजून पुण्यात उभे आहे, ते अशा बायकांना जागा मिळाली म्हणूनच.