धोट्याचा विटाळ गेला, पाळीचा कधी जाणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)





मंडळाने मला ‘बाबासाहेब आणि कामगार’ हा विषय दिला आहे. विषय तोच आहे. पण आज मी बाईच्या पाळीविषयी बोलणार आहे. मागे बसलेली पोरे हसली, हसू द्या. दोन मावश्यांनी पदर तोंडाला लावला, तेही ठीक आहे. मीसुद्धा पन्नाशी ओलांडेपर्यंत हा शब्द चारचौघांत उच्चारला नव्हता. आमच्या घरात ‘कावळा शिवला’ म्हणायचे, नाहीतर ‘बाजूला बसली’. बापाने मुलीला विचारायचे नाही आणि मुलीने बापाला सांगायचे नाही.

सुरुवात गिरणीपासून करतो, कारण मला कळते ते तेवढेच. मी १९८९ साली बदली म्हणून लागलो. तेव्हा साचेखात्यात आपली माणसे होती, त्यामुळे आजच्या तरुणांना वाटते की ती पहिल्यापासूनच होती. तसे नव्हते. पूर्वी धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसे लावायचे? विटाळ होणार! म्हणून ज्या खात्यात पगार जास्त, तेच खाते आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. कामगारांच्या एकीच्या गोष्टी करणाऱ्या त्या पुढाऱ्यांना ही मागणी यादीत घ्यावीशी वाटत नव्हती. ही मागणी घेणार नसाल तर आमच्या माणसांनी संपात का राहावे, असे बाबासाहेबांनी ठणकावून विचारले, तेव्हा ती यादीत आली.

ही गोष्ट मी तरुणपणी पुष्कळ सभांत सांगितली, टाळ्याही घेतल्या. आता त्याच तोंडाने माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

१९९६ साली आमच्या गिरणीत मागणीपत्र तयार होत होते. माझे अक्षर बरे, म्हणून लिहायला मी. वायंडिंग खात्यातल्या चार बायका आल्या. त्यातली वयाने मोठी मावशी म्हणाली, “भाऊ, आमच्या संडासाला कडी नाय, पाणी नाय. एकीनं दार धरून उभं ऱ्हायचं तवा दुसरी आत जाती. तेवढं लिवा.” मी लिहिले. रात्री बैठकीत मागणीपत्र वाचून दाखवले तर मंडळी म्हणाली, बोनस, घरभाडे, बदलीवाल्यांना कायम करणे, आणि खाली हे कडीकोयंडे? मॅनेजमेंट हसेल आपल्याला. ती ओळ खोडली. खोडणारा हात माझा होता. त्या मावशीने नंतर मला कधी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

गंमत बघा. आम्ही पुरुष गिरणीत काय करायचो? शेजारच्या साचेवाल्याला “जरा बघ रे” म्हणून सांगायचो आणि संडासात जाऊन बिडी ओढत बसायचो. दहा-पंधरा मिनिटे कुठे गेली कळायचे नाही. मुकादम बोंबलायचा, आम्ही ऐकून घ्यायचो. आणि जिला खरोखर गरज होती तिच्यासाठी कडी नव्हती.

आता गिरण्या गेल्या. आमचीही २०२० च्या लॉकडाऊनला बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. आपल्या वस्तीतल्या किती घरांत आज बाईच्या पगारावर चूल पेटते ते मोजून बघा. कुणी शिलाईच्या गाळ्यात टेलर आहे, कुणी चेकर, कुणी काज-बटणावर, कुणी धागे कापायला हेल्पर. माझी पत्नी अकरा वर्षे अशाच एका गाळ्यात होती. सकाळी डबा घेऊन जायची, रात्री यायची. ती तिथे काय सोसते हे मी, कामगारांचा कार्यकर्ता, एकदाही विचारले नाही.

एक दिवस ती जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “पाळीत किती दिवस जातं?” ती माझ्याकडे बघून गप्प बसली. बाईंनी ओळखले. मला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबा.” मी बाहेर बाकड्यावर बसलो. पंचवीस वर्षे जिच्याबरोबर संसार केला, ती माझ्यासमोर आपले दुखणे सांगू शकत नव्हती. तेव्हा जी लाज वाटली ती आज इथे बोलायला लावते आहे.

घरी आल्यावर हळूहळू तिने सांगितले. त्यांच्या गाळ्यात चाळीस बायकांमागे प्लास्टिकचे एक टोकन. ते गळ्यात अडकवून संडासला जायचे. एक परत आली की दुसरीने जायचे. सुपरवायझर घड्याळ बघतो. कपडा एकीच्या हातून पुरा होत नाही. एक कॉलर लावते, दुसरी बाही, तिसरी बाजूची शिलाई. ताशी इतके पीस असे टार्गेट ठरलेले. मधली एक उठली की तिच्या मशीनवर ढीग साठतो आणि पुढची रिकामी बसते, मग सगळ्या लाइनला शिव्या. शिव्या नकोत म्हणून बायका काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी दाबून धरतात, मग जळजळ सुरू होते, ताप येतो. पाळीच्या दिवसांत तेच कापड, तेच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मांड्या सोलवटतात, त्यावर उभे राहून काम. बांगलादेशातल्या कारखान्यांत बायका जमिनीवर पडलेली कापडाची झुट, म्हणजे कातरणातल्या चिंध्या, वापरतात असे मी वाचले होते. पत्नीला सांगितले तर म्हणाली, “अहो, त्यासाठी बांगलादेशला कशाला जाता?”

तमिळनाडूचे एक उदाहरण सांगतो. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने २०१९ साली तिथल्या शिलाई कारखान्यांतल्या सुमारे १०० बायकांशी बोलून माहिती छापली. पाळीत पोट दुखते म्हटले की कारखान्यात गोळी मिळते. कसली, तिचे नाव काय, काही सांगत नाहीत. वेष्टनही नाही. गोळी घ्या आणि मशीनवर बसा. पुढे कित्येकींना लघवीचा त्रास, गर्भाशयाच्या गाठी, गर्भपात असली दुखणी सांगावी लागली. आपल्याच महाराष्ट्रात ऊसतोडीच्या बायकांचे काय झाले? एका दिवसाचा खाडा पडला की उलटा दंड. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच नको म्हणून पिशवीच नको!

मायबहिणींनो, दुखते म्हणून गोळी घ्यायला हरकत नाही. पण नाव न छापलेली, पाकीट नसलेली गोळी कुणाच्याही हातून घेऊ नका, आणि उपाशीपोटी तर नकोच. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलले पाहिजे. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट ठेवू नका. सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून अंगावर काढू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी निघाले. ई.एस.आय. कार्ड असेल तर तपासणी, औषध फुकट आहे आणि आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला ई.एस.आय. लागते. म्हणूनच एकाच गाळ्यात दोन नावांच्या पाट्या लावून निम्मी-निम्मी माणसे दाखवायची काही मालकांची खोड आहे. तुमच्या गाळ्याला पाट्या किती, ते उद्या जाताना बघून ठेवा.

आता कायदा. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्पष्ट होते की कामगार कारखान्यात असेपर्यंत कोणत्याही वेळी त्याला संडासला जाता आले पाहिजे, आणि बायकांसाठी वेगळी, बंदिस्त सोय पाहिजे. ‘कोणत्याही वेळी’. याचा अर्थ टोकनची पद्धत पहिल्या दिवसापासून बेकायदा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या. त्यातले पुष्कळ आम्हा कामगारांना मान्य नाही, तो वेगळा विषय आहे. पण स्त्रियांसाठी स्वतंत्र आणि स्वच्छ संडास-मुतारी देण्याचे बंधन त्यातही आहे. सुपरवायझर वेडेवाकडे बोलतो, पाळीवरून टोमणे मारतो, त्यासाठी २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजे. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

पाळीच्या रजेविषयी पुष्कळ चर्चा आहे. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला १२ पगारी दिवस मंजूर केले, त्यात शिलाई कारखानेही धरले. काही शिकलेली माणसे म्हणतात, अशाने मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले तेव्हाही खर्चाचीच ओरड होती. बाबासाहेबांनी त्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे ते म्हणाले. १९२९ साली कायदा झाला. म्हणून मी रजेच्या बाजूचा आहे. पण पीसवर काम करणाऱ्या आपल्या लेकीबाळींसाठी पहिली मागणी मी दुसरी सांगेन. प्रत्येक लाइनला एक जादा बाई ठेवा, जी उठलेल्या बाईच्या मशीनवर बसेल. गिरणीत बदलीवाला असायचा तशी. ढीग साठणार नाही, शिव्या बसणार नाहीत, आणि टोकन लागणार नाही.

मालक ऐकतील का, असे कुणी विचारेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला प्रॉव्हिडंट फंडाच्या नव्या नियमाविरुद्ध शिलाई कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यातल्या बहुतेक कुठल्या युनियनमध्येही नव्हत्या. केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला. तमिळनाडूत दिंडिगुलला दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या युनियनने २०२२ साली कारखान्यातल्या छळाविरुद्ध करार करून घेतला. त्यात कंपनीबरोबर परदेशी खरेदीदारालाही सही करावी लागली.

आता थोडे घरातले बोलतो, राग मानू नका. १९५६ ला आपण दीक्षा घेतली, देव सोडले. तरी आज या विहारात पाळीच्या चार दिवसांत किती बहिणी वंदनेला येत नाहीत? मेणबत्तीला हात लावत नाहीत? मी भन्तेजींना विचारले आणि स्वतः ग्रंथही धुंडाळले. संयुत्त निकायातल्या मातुगाम संयुत्तात स्त्रीला विशेष भोगावी लागणारी पाच दुःखे सांगितली आहेत. त्यात पाळी आहे. दुःख म्हणून आहे, विटाळ म्हणून नाही. आणि विनयपिटकात काय आहे? भिक्षुणींना पाळीच्या दिवसांसाठी ‘आवसथचीवर’ नावाचे वेगळे वस्त्र ठेवायला भगवंतांनी परवानगी दिली. ते सगळ्या संघाचे असे. वापरून झाले की चौथ्या दिवशी धुऊन दुसरीसाठी सोडायचे. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ते सोडीना, म्हणून दुसरीची अडचण झाली, तेव्हा त्यावर नियम करावा लागला. अडीच हजार वर्षांपूर्वी संघात या गोष्टीची उघड व्यवस्था होती, आणि आपण आपल्या सुनेला म्हणतो, पूजेच्या ताटाला शिवू नको!

जी मुलगी घरात कोपऱ्यात बसायला शिकली, ती कारखान्यात सुपरवायझरपुढे तोंड उघडून ‘मला आत्ता जायचंय’ कशी म्हणणार? धोट्याला आपले तोंड लागले तर सूत बाटते म्हणणारे, आणि पाळीच्या बाईचा हात लागला तर मेणबत्ती बाटते म्हणणारे, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

पत्नी आता बरी आहे. औषध-गोळ्या झाल्या, गाठ होती तिचा इलाज झाला. आज ती तिथे दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि एवढे सगळे बोलायची परवानगी तिने मला काल रात्री दिली.

दर रविवारी वंदनेनंतर मी वही घेऊन विहारात बसेन. आपापल्या गाळ्यात बायका किती, संडास किती, कडी आहे का, पाणी आहे का, टोकन आहे का, एवढे सांगा. माझ्याशी बोलायला संकोच वाटला तर पत्नीला सांगा, ती लिहून घेईल. नाव कुणाचे बाहेर जाणार नाही. कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज लिहायचे काम माझे.

आणि समितीला एक विनंती. आपल्या विहाराच्या मागच्या संडासालाही आतून कडी नाही. मघाशी एक मुलगी मैत्रिणीला दारात उभी करून आत गेली ते मी पाहिले. कडी मी येतानाच विकत आणली आहे, या पिशवीत आहे. मंडळींत सुतारकाम कुणाला येते त्यांनी कार्यक्रम झाल्यावर थांबावे.

जयभीम.