गोठण्याची तारीख

भंडारदरा धरणाचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी उजव्या आणि डाव्या कालव्यात वळतं. आवर्तन कधी सुटणार हे आधी कळलं, तरच खालच्या शेतकऱ्याला काय पेरायचं ते ठरवता येतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही वरच्याची, म्हणजे मूळ काम करणाऱ्या प्रकल्पाची तारीख खालच्याला, म्हणजे त्यावर पुढचं काम बांधणाऱ्याला वेळेत कळणं तितकंच मोलाचं आहे. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

रुपयाच्या चिन्हाचंच उदाहरण घ्या. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते रेखाटलं आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारलं. कागदावर ते त्याच दिवशी काढता आलं, संगणकावर नाही. आधी युनिकोडने त्याला क्रमांक द्यायचा, मग फाँट करणाऱ्यांनी त्याचा आकार घडवायचा, कळफलकवाल्यांनी त्याला कळ द्यायची आणि शेवटी उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांनी हे सगळं एकत्र बांधून आपल्या हाती द्यायचं. यातला प्रत्येक गट स्वतंत्र. कुणी कुणाचा साहेब नाही, आणि कित्येक जण पगाराशिवाय काम करणारे. तरीही १० ऑक्टोबर २०१० रोजी आलेल्या उबुंटू १०.१० च्या फाँटमध्ये ते चिन्ह होतं, आणि युनिकोडची ६.० आवृत्तीही त्याच महिन्यात आली. क्रमांक आधी पक्का झाला होता आणि उबुंटूची तारीख सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तीन महिन्यांत हे जमलं.

तारखेची ही शिस्त ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने २००३च्या सुमारास अंगी बाणवली. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, नवी आवृत्ती. एखादी सोय तयार नसेल तर ती पुढच्या आवृत्तीत जाईल, तिच्यासाठी आवृत्ती थांबणार नाही. २००४ पासून उबुंटूने त्यामागोमाग एप्रिल आणि ऑक्टोबर धरले. मधला महिना मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांनी एकाच दिवशी आवृत्ती काढली, तर एकमेकांचं काम तपासायचं कुणी आणि कधी?

आता आपल्या भाषेकडे येतो. मेनूवर, बटणांवर, सूचनांमध्ये जी वाक्यं दिसतात, ती एका ठरलेल्या दिवशी गोठवतात. त्याला स्ट्रिंग फ्रीझ म्हणतात. त्यानंतर प्रोग्रामरने परवानगीशिवाय एक शब्दही बदलायचा नाही. का? कारण तिथून पुढचे काही आठवडे भाषांतरकाराचे. पुण्यातल्या रेड हॅट कंपनीत मराठीकरण नोकरी म्हणून झालं, पण बरंचसं काम लोकांनी नोकरीधंदा सांभाळून रात्री बसून केलं आहे. शेवटच्या आठवड्यात कुणी वीस वाक्यं बदलली, तर इंग्रजी वाचणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मराठी वाचणाऱ्याला मात्र अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी पडदा दिसतो. तो म्हणतो, मराठीत काही धड चालत नाही. दोष वेळापत्रकाचा असतो आणि ठपका भाषेवर येतो. याचा मला मनापासून राग येतो.

तारखेची हीच शिस्त सगळीकडे लावावी, असं उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ २००८ साली म्हणू लागले: मोठ्या वितरणांनी एकाच सुमारास आवृत्त्या काढाव्यात, म्हणजे वरच्या प्रकल्पांनाही नेम धरता येईल. २००९च्या जुलैत डेबियन या दुसऱ्या वितरणाने त्याच डिसेंबरात आपली आवृत्ती गोठवण्याचं जाहीर केलं. डेबियनची रीत मात्र ‘तयार होईल तेव्हा’ अशी. आपल्याला न विचारता ठरवलं म्हणून स्वयंसेवक नाराज झाले आणि तो बेत मागे घ्यावा लागला. गोठवणं २०१०च्या ऑगस्टमध्ये झालं आणि आवृत्ती आली फेब्रुवारी २०११ मध्ये. माझ्या मते स्वयंसेवकांचा आक्षेप रास्त होता. जिथे हुकूम चालत नाही, तिथे तारीखही संमतीनेच ठरते.

पण डेबियनने पुढे जे केलं, ते मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. गोठवण्याचं वेळापत्रक आधी जाहीर करायचं, प्रकाशन मात्र दोष निस्तरल्यावर. तेव्हापासून २०११, २०१३, २०१५ अशी दर दोन वर्षांनी त्यांची आवृत्ती येत आली आहे. वरच्याला सवड मिळते, खालच्यालाही आपलं काम कधी हाती घ्यायचं ते कळतं.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला मराठीकरणात हात घालायचा असेल, तर आधी त्या प्रकल्पाचं वेळापत्रक उघडा आणि प्रकाशनाची नव्हे, शब्द गोठण्याची तारीख वहीत लिहून घ्या. त्या दिवसानंतरचे आठवडे भाषांतरासाठी राखून ठेवा. एखादं वाक्य मराठीत बसत नसेल, तर मूळ लेखकाला त्या दिवसाआधीच कळवा. त्या तारखेनंतर ते वाक्य त्यालाही सहजासहजी बदलता येत नाही.