आपत्ती आणि कारभार



राज्यकारभारावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. कारखान्याच्या फाटकापाशी जे पाहिले आणि रात्री जागून जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल. पण येथे सुदुंबऱ्यातच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या तुकडीचा तळ आहे. तेव्हा प्रश्न सुचतो तो असा: संकटात माणूस वाचवणे हे दयेचे काम, की कारभाराचे?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. त्याच वर्षी जपानने मूलभूत आपत्ती कायदा केला. १९५९ च्या वादळात तेथे पाच हजारांच्या आसपास माणसे गेली होती. संकट येण्याआधीच केंद्रापासून गावापर्यंत प्रत्येकाचे काम ठरवून ठेवायचे, हे त्या कायद्याचे सार. आपल्याकडे मात्र आधी संकट, मग पंचनामा आणि मदतवाटप, हाच क्रम राहिला. १९९३ चे किल्लारी, १९९९ चे ओरिसातील चक्रीवादळ, २००१ चे भूज, एवढे सोसल्यावर २००५ साली आपला कायदा झाला आणि २००६ साली हे दल उभे राहिले. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याशेजारी सहअध्यक्ष म्हणून लोकांनी निवडलेला प्रतिनिधी बसला. ही सुधारणा मोठी आहे. तिला आम्ही नावे ठेवणार नाही.

परंतु ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले, तेव्हा पहिली खबर कोणत्या कचेरीने दिली? एस.टी.च्या एका चालकाला रोजचे गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याने ते कळवले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे पुढे विधिमंडळात सांगण्यात आले. वर रस्ता नाही, यंत्रे चढेनात. जवानांनी हातांनी माती उपसली.

आम्ही हे कारखान्यातही पाहिले आहे. एका ठिकाणी झडप गळते हे कामगाराला आठवडाभर ठाऊक होते. पण यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ज्याला होता तो तिकडे फिरकत नव्हता. शेवटी एकाचा हात भाजला. चौकशीत दोष कामगाराचा निघाला!

मंडळी, शहाणपण खाली आणि अधिकार वर, ही आपल्या कारभाराची खरी दरड आहे. तलाठी, कोतवाल, वायरमन, आशाताई, एस.टी.चा चालक यांनी दिलेली सूचना नोंदवहीत चढली पाहिजे, तिची पोच मिळाली पाहिजे, आणि ती दुर्लक्षिणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे. धोक्याची यादी वाडीवरच्या माणसांना जवळ बसवून केली पाहिजे.

संताजी महाराजांची समाधी याच गावी आहे. तुकोबांच्या मुखातून आलेले त्यांनी ऐकले आणि लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. ऐकावे आणि लिहून ठेवावे, एवढेच आमचे सरकारकडे मागणे आहे.